एकट्याला न संपणारी बाटली

रविवारी सकाळी बाबा सिंकसमोर उभे राहून पाऊण बाटली लाल वाइन ओतून देत होते, आणि ताई नेमकी तेव्हाच आली. एरवी दोन बस बदलून ती जेवायच्या वेळेआधी कधी पोचली नव्हती. आज पहिली बस वेळेवर मिळाली आणि दुसरी समोर उभीच होती. चोरी उघडी पडायची असली की बससुद्धा फितूर होतात.

दार तिनं स्वतःच्या किल्लीनं उघडलं होतं. आई गेल्यापासून या घराची किल्ली सगळ्यांकडे होती. थेट काही विचारायचं नाही, पण किल्ली मात्र प्रत्येकाच्या खिशात, ही या घराण्याची जुनी तऱ्हा. आजोबांच्या आजारपणातही हेच झालं होतं; सगळे औषधाच्या बाटल्या मोजत होते आणि म्हाताऱ्याला कुठं दुखतंय हे एकानं विचारलं नव्हतं.

बाबांनी बाटली लपवली नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत उलटी धरली, पाण्यानं खळबळली, मग वळले. चेहरा कोरा. आयुष्यभर घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचलेला माणूस. आत नवराबायकोचं भांडण चालू असलं तरी आकडा वाचून मुकाट बाहेर पडायची सवय. तीच सवय त्यांनी आज स्वतःच्या स्वयंपाकघरात वापरली.

"खराब झाली होती?" ताईनं विचारलं.

"नाही. बरी होती. असेल बरी."

"मग ओतली का?"

"मंगळवारी उघडली. एक ग्लास घेतला. बाकीची कोण पिणार?"

ताई फिजिओथेरपिस्ट होती. कुठं दाबलं की माणूस कळवळतो ते तिच्या बोटांना आधी कळायचं आणि डोक्याला मागाहून. तिनं सिंकखालचं कपाट उघडलं. आत आणखी तीन रिकाम्या बाटल्या धुऊन ठेवलेल्या. तिनं त्यांच्याकडे बोट केलं, बाबांनी मान हलवली. म्हणजे त्याही अशाच गेल्या होत्या.

आता यातली गोम अशी, की आजचं जेवण याच बाटल्यांवरून ठरलं होतं. ताईचा धाकटा भाऊ, ज्याला धाकटा असूनही सगळं घर भाऊच म्हणत आलं, तो गेले काही महिने दर रविवारी येऊन दाराबाहेरच्या रिकाम्या बाटल्या बघत होता. भाऊ विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करतो. जळलेलं गोदाम बघून आग कुठून लागली ते सांगतो. बापाच्या दारातल्या बाटल्या बघून त्यानं तसाच निष्कर्ष काढला होता: आईच्या मागे बाबा दारूला लागले. तेव्हा बाबांनी हे भाड्याचं घर सोडायचं आणि त्याच्याकडे राहायला यायचं, महिनाअखेरच्या आत. जेवणाच्या नावाखाली आज तेवढंच जाहीर व्हायचं होतं.

"त्याला सांगा ना मग," ताई म्हणाली. "पीत नाही म्हणून."

"नको. आणि तूही सांगू नकोस."

"घर जाईल तुमचं."

बाबा बाटलीचं तोंड फडक्यानं पुसत राहिले. पुसायचं काहीच नव्हतं. "लाज वाटते गं," ते म्हणाले. "चांगली वस्तू ओतून द्यायची म्हणजे. तुझ्या आईनं हात धरला असता." हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. ताईला ते जाणवलं, पण पुढं विचारायचं तिच्या जिवावर आलं. तीही याच घरातली होती.

*

स्वस्तात चांगली वाइन मिळवणं हे बाबांचं आणि आईचं आयुष्यभराचं खूळ. पैसे बेताचे, जिभेला चटक लागलेली, आणि दोघंही हट्टी. कामानिमित्त बाबा शहराच्या प्रत्येक गल्लीत हिंडलेले, त्यामुळे कुठल्या दुकानात काय धूळ खात पडलंय हे त्यांना पाठ. डोळ्यांच्या उंचीवरच्या फळीला त्यांनी कधी हात लावला नाही. तिथं दुकानदाराला खपवायचं असतं ते ठेवलेलं असतं. ते गुडघ्यावर बसत आणि खालून सुरुवात करत. नाव झालेल्या गावाची बाटली घ्यायची नाही, शेजारच्या गावाची घ्यायची. ऊन तेच, माती तीच, फक्त मिजास नाही. जड बाटलीत काचेचे पैसे असतात. सोनेरी पदकाचा कागद कुणीही चिकटवतं. बुचाऐवजी फिरकीचं झाकण बघून नाक मुरडणारा माणूस हमखास फसतो. आणि सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे दुकानदाराला "चांगली कुठली" असं विचारायचं नाही. तो स्वतः घरी कुठली नेतो ते विचारायचं.

शोधायचं काम बाबांचं. चव सांगायचं काम आईचं. बाबांना खरं सांगायचं तर सगळ्या लाल वाइन लाल लागत आणि पांढऱ्या पांढऱ्या. आई मात्र औषधांच्या दुकानात उभं राहून नाक तयार झालेली बाई. ती ग्लास हलवून वास घेई, एक घोट घेई आणि खिडकीकडे बघत बसे. तेवढा वेळ बाबांचा जीव टांगणीला. मग ती निकाल देई. "ही गोड बोलते, पण मदतीला यायची नाही." किंवा "हिला जरा हवा खाऊ दे, रागावून आलीये." एकदा एका अगदी स्वस्त बाटलीला ती म्हणाली होती, "ही आपल्यासारखी आहे," आणि बाबा दुसऱ्या दिवशी जाऊन त्या दुकानातल्या उरलेल्या सगळ्या उचलून घेऊन आले होते. नातेवाइकांत हसं झालं. पण ती वाइन त्यांनी वर्षभर पुरवून प्यायली आणि तेवढं सुख पुन्हा कुठल्या बाटलीत मिळालं नाही, असं बाबा अजून म्हणतात.

आई गेली तरी शोधणं थांबलं नाही. पाय सवयीनं त्या गल्ल्यांत जात, गुडघे सवयीनं त्या खालच्या फळीशी वाकत. बाटली घरी येई, उघडली जाई, ग्लास भरला जाई, आणि इथं घोडं अडे. प्यायल्यावर कळायचंच नाही की चांगली निघाली की नाही. सांगणारं माणूस नव्हतं. बाबा एक घोट घेत, दुसरा घेत, ग्लास कसाबसा संपवत. झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर चार दिवस राहते हे त्यांना ठाऊक होतं. पण दुसऱ्या दिवशी त्या बाटलीला हात लावायला मन होत नसे. परत एकट्यानं तिच्याकडे जायचं आणि परत काही कळायचं नाही.

*

भाऊ आणि सूनबाई वेळेवर आले. सूनबाईनं फळांचा रस आणला होता आणि आल्या आल्या टेबलावर मधोमध ठेवला, म्हणजे कुणाला शंका नको. भाऊनं जिन्यावरच नजर टाकून घेतली होती. दाराशी आज चार बाटल्या होत्या. तो आत येऊन बाबांच्या पाया पडतो तसा वाकला आणि उठताना श्वासाचा वास घेतला. काही आलं नाही. पण अनुभवी माणसं पुदिन्याच्या गोळ्या चघळतात, हेही त्याला माहीत होतं.

भाऊ वाईट नव्हता. हे सांगायला हवं, कारण मागच्या सगळ्या भांडणांत तोच मोठ्यानं बोलला होता. आई आजारी होती तेव्हा तो कामात होता. ती गेली तेव्हा गाडीत होता. आता बापाच्या बाबतीत उशीर होऊ द्यायचा नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं, आणि ते तो चांगल्या शब्दांत सांगू शकत नव्हता म्हणून हुकूम सोडल्यासारखं बोलायचा.

आत्या शेवटी आली, काठी टेकत, तीन मजल्यांना शिव्या घालत. बाबांची थोरली बहीण. बाबा तिला आक्का म्हणतात, ती त्यांना अजून मीटर म्हणते. नवरा जाऊन इतकी वर्षं झाली होती की तिच्या घरात पुरुषाचा जोडा कधी होता हेच लोक विसरले होते. ती बसली, रसाची बाटली बघितली, सगळ्यांचे चेहरे बघितले आणि म्हणाली, की अंत्यविधीच्या जेवणालासुद्धा याहून जास्त बोलतात.

ताईनं कोंबडी भाजली होती, बटाटे होते, सूप होतं. सूप संपेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग भाऊनं चमचा खाली ठेवला आणि सुरुवात केली. घराला नवा भाडेकरू मिळेल, सामान हलवायला माणसं सांगून ठेवली आहेत, डॉक्टर भाऊच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. बाटल्यांचं नाव त्यानं काढलं नाही. "या वयात एकटं राहणं बरं नाही" एवढंच तो फिरवून फिरवून म्हणत राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

सूनबाई मान खाली घालून बटाट्याचे तुकडे करत होती. ती घरी बसून भाषांतरं करायची, आणि बाबांना द्यायची ती खोली म्हणजे तिची कामाची खोली. तिनं आठवडाभर नवऱ्याला "बघ, तुझे वडील, तू ठरव" असं म्हणून वेळ काढली होती. बाबा तिला आवडत. पण दिवसभर भिंतीपलीकडे एक म्हातारा माणूस खोकतोय आणि आपण शब्द शोधतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की तिला नकोसं होई, आणि त्याचीच तिला लाज वाटे. तिनं मनातल्या मनात कुणी तरी हे मोडून टाकावं अशी आशा धरली होती.

मोडायला पुढं आली आत्या, पण भलत्याच बाजूनं.

"तुझ्याकडे कशाला?" ती भाऊला म्हणाली. "तुम्ही दोघं कामाची माणसं. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. मीटरला तिथं राहू दे."

भाऊ म्हणाला, की आत्याला स्वतःचंच होत नाही, ती आणखी एकाचं काय करणार. आत्या म्हणाली, तिचं होतं की नाही हे बघायला तो शेवटचा कधी आला होता. भाऊनं आवाज चढवला. आत्यानं काठी आपटली. बघता बघता बाबा हे एक जुनं कपाट झाले आणि ते कुणाच्या घरात मावेल यावर दोघं हमरीतुमरीवर आले. कपाटाला कुणी विचारलं नाही.

आत्याचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. तिला भावाची काळजी होती हे खरंच, पण त्याहून खरं हे होतं, की तिच्या घरात सकाळी रेडिओ लावला की तो झोपेपर्यंत चालू असे आणि ती त्याच्याशी वाद घालत असे. रेडिओ उलट उत्तर देत नाही. मीटर देईल. हे ती मेली तरी तोंडानं सांगणार नव्हती, म्हणून ती पुतण्याशी भांडत होती.

"आणि तिथं याला कुणी बाटल्या आणून देणार नाही," आत्या शेवटी म्हणाली. म्हणजे जे कुणी बोलत नव्हतं ते तिनं टेबलावर आणून ठेवलं.

भाऊ बाबांकडे न बघता म्हणाला, "बाबा, दर आठवड्याला वाढतायत. मी बघतोय. आई असती तर तिला काय वाटलं असतं?"

बाबांनी ताईकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी होती, आणि ताईनं ती चुकीची वाचली. तिला वाटलं, मला वाचव.

"ते पीत नाहीत," ताई म्हणाली.

भाऊ हसला, ते हसणं चांगलं नव्हतं. मग तिनं सगळं सांगितलं. सकाळी सिंकमध्ये काय बघितलं, कपाटात काय होतं, एक ग्लास आणि बाकीची पाऊण बाटली. "सगळ्या ओतलेल्या आहेत. तू मोजतोयस त्या रिकाम्या बाटल्या, भाऊ. आतली वाइन गटारात गेली. त्यांना एकट्याला संपत नाही."

भाऊनं बाबांकडे बघितलं. "खरं?"

इतक्या महिन्यांतला हा पहिला थेट प्रश्न. बाबांना खोटं बोलता आलं असतं. पण ताई समोर होती आणि ती खोटी ठरली असती.

"हो," ते म्हणाले.

*

यानंतर जे झालं ते बघण्यासारखं होतं. घराचा नूरच पालटला. भाऊच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं सगळ्यांना दिसलं. तो खुर्चीत मागं टेकला आणि मोठ्यानं हसला, या खेपेला खरं. सूनबाईला तर सुंठीवाचून खोकला गेल्याचा आनंद, तिनं उठून बाबांच्या ताटात आणखी कोंबडी वाढली. आत्या तेवढी म्हणाली, "म्हणजे तू धडधाकटच आहेस म्हण की," आणि ते अभिनंदनासारखं वाटलं नाही. पण आनंदात तिच्याकडे कोण बघतंय? तिनं पाण्याचा ग्लास जवळ ओढला.

मग भाऊनंच रसाची बाटली बाजूला सरकवली आणि म्हणाला, "काढा की एखादी. तुमच्या शोधातली."

बाबा उठले ते एखाद्या तरुणासारखे. आतल्या खोलीतल्या कपाटाच्या तळाशी एक ठेवलेली होती, नदीपलीकडच्या एका छोट्या सहकारी मळ्याची, ज्याचं नाव त्या मळ्याच्या गावातही कुणी घेत नसेल. दिवस गरम होता म्हणून त्यांनी ती जरा वेळ फ्रिजमध्ये घातली; लाल वाइन गार करतात का असं भाऊनं विचारलं, तर उन्हाळ्यात करावी, नाही तर नुसती दारू लागते, असं त्यांनी समजावलं. ग्लास तीन सारखे, दोन भलतेच. बाबांनी प्रत्येकात थोडी थोडी ओतली आणि ही कशी सापडली ते सांगायला लागले. दुकान चुकून उघडं होतं. दुकानदार झोपलेला होता. ही फळीच्या मागं पडलेली, लेबल फाटकं, म्हणून निम्म्याहून कमी भावात. सगळे ऐकत होते. आत्यानंसुद्धा जन्मात पहिल्यांदा ओठ ओले केले.

"कशी आहे?" बाबांनी विचारलं.

"छान आहे," भाऊ म्हणाला.

"छान," सूनबाई म्हणाली.

ताईनं जरा वेळ तोंडात धरली, कारण बाबा तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघत होते. पण तिच्याकडे आईचं नाक आलेलं नव्हतं. "छानच आहे, बाबा," ती म्हणाली. आत्या म्हणाली, तिला खोकल्याचं औषध आठवलं, आणि सगळे हसले. बाबाही हसले. छान म्हणजे काय, हे त्यांना कुणालाच विचारता आलं नाही.

तरी ती बाटली संपली. गप्पांच्या नादात कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि भाऊनं पुन्हा ओतायला उचलली तर थेंब नाही. बाबांनी ती हातात घेतली, उजेडात धरून बघितली. सिंकपाशी न जाता रिकामी झालेली, आईनंतरची पहिली. त्यांना गहिवरून आलं आणि ते लपवायला त्यांनी अर्ध्या बाटल्यांचा विषय काढला. हो, मिळतात अर्ध्या, एकट्या माणसासाठी. पण अर्ध्या बाटलीला पाऊण बाटलीचे पैसे घेतात. एकट्या माणसाला लुटायचा तो सरळ धंदा आहे, त्यांनी कधी घेतली नाही आणि घेणार नाहीत. त्यावरही सगळे हसले.

उठता उठता भाऊनं निकाल सांगितला, आणि इतक्या प्रेमानं सांगितला की त्यात खोट काढायला जागा नव्हती. घर सोडायचा विषय संपला. माणसं सांगितली होती ती रद्द. आणि दर रविवारी येऊन तो बाबांच्या डोक्यावर बसत होता, त्याबद्दल त्यानं माफी मागितली. "आता उगाच तुमच्यावर पहारा नको. तुमचे तुम्ही मोकळे. काही लागलं तर फोन करा, नाही तर आपण सणासुदीला, वाढदिवसाला भेटूच." सूनबाई म्हणाली, की बाबांनाही सारखं कुणी येऊन बसलं की संकोच होत असेल. आत्या म्हणाली, तिला हे तीन मजले पुन्हा जमायचे नाहीत. ताईनं बाबांना मिठी मारली आणि कानात म्हणाली, "वाचलं ना घर?"

"वाचलं," बाबा म्हणाले.

*

सगळे गेल्यावर त्यांनी ताटं धुतली. ग्लास धुतले. खुर्च्या आपापल्या जागी लावल्या, म्हणजे चार भिंतीला आणि एक खिडकीशी. बाहेर अजून ऊन होतं. खालच्या रस्त्यावर किल्ल्या करून देणाऱ्याचं यंत्र किरकिरत होतं, तेही थोड्या वेळानं थांबलं.

आता खरं सांगायलाच हवं. काच गोळा करणारी गाडी या रस्त्याला सोमवारी येते. बाटल्या सोमवारी सकाळी बाहेर ठेवल्या असत्या तर कुणाला दिसल्या नसत्या. पहिल्यांदा रविवारी ठेवल्या गेल्या त्या चुकून, वार विसरून. त्या दिवशी भाऊ कुठलासा कागद द्यायला म्हणून उभ्या उभ्या आला होता; बाटल्या बघून बसला, चहा प्यायला, इकडचं तिकडचं बोलत संध्याकाळपर्यंत थांबला. दुसऱ्या दिवशी फोन केला. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा आला. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी तरी दुसऱ्या खुर्चीत बसलं होतं. मग बाबांनी बाटल्या रविवारीच ठेवायला सुरुवात केली. एक कमी वाटली तर आठवड्यात आणखी एक उघडली. बिचारा, एकटा पडलाय म्हणून कुणी आलेलं त्यांना चाललं नसतं. दारुड्या बापावर नजर ठेवायला मुलगा येतो, यात काही कमीपणा नव्हता. उलट रागवायला मिळायचं. घर जाईल इथपर्यंत मजल जाईल असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं. मीटर वाचणाऱ्या माणसाचा हिशेब इथं साफ चुकला.

ते खिडकीतल्या खुर्चीत बसून राहिले. पुढचा रविवार त्यांना आत्ताच दिसत होता, त्याच्या पुढचाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं तर ते दुसऱ्या मजल्यावर थांबणार. घर वाचलं होतं. एवढं मोठं घर, दोन खोल्यांचं, आणि सगळंच्या सगळं त्यांच्या एकट्याचं.

त्यांनी फोन उचलला.

*

भाऊ नुकताच घरी पोचून पायातले मोजे काढत होता. पडद्यावर बाबांचं नाव बघून तो दचकला, कारण बाबा स्वतःहून फोन करत नसत.

"पोचलात?" बाबांनी विचारलं. पोचलो, तो म्हणाला. तरी बाबांनी फोन ठेवला नाही. भाऊनं विचारलं, बरं वाटत नाही का. तसं काही नाही, बाबा म्हणाले. चष्मा विसरलात की काय इथं, असं त्यांनी विचारलं. भाऊ चष्मा लावतच नव्हता.

"बाबा, काय झालंय?"

"दुपारी मी खोटं बोललो," बाबा म्हणाले. "सगळ्यांसमोर लाज वाटली. पितो मी."

भाऊचा मोजा हातातच राहिला. "ताईनं तर ओतताना बघितलं."

"ती आजची ओतली. तू येणार म्हणून. एरवी पितो. बरीच पितो. सुटत नाही." ते थांबले आणि मग जरा घाईनं म्हणाले, "तुझ्याकडे राहायला यायचं म्हणालास, तरी चालेल. तुम्ही ठरवाल तसं."

भाऊचं सगळं आयुष्य नुकसान सांगणारी माणसं ऐकण्यात गेलं होतं. खरं नुकसान झालेला माणूस कमी बोलतो, थांबत बोलतो, आकडा विसरतो. नुकसान वाढवून सांगणारा पाठ केल्यासारखं बोलतो आणि शेवटी काहीही कबूल करतो. आवाजावरून त्याला हे इतकं नेमकं कळायचं, की कंपनीत त्याची ख्याती होती. आत्ता कानाशी बोलणारा माणूस वाढवून सांगत होता, आणि तो त्याचा बाप होता. आणि वाढवून काय मागत होता, तेही भाऊला कळलं.

स्वयंपाकघरातून सूनबाईनं विचारलं, कोण आहे. त्यानं हातानं तिला थांब म्हणून खूण केली आणि तिच्याकडे पाठ फिरवून भिंतीला डोकं टेकलं. ताईला सिंकमध्ये जे दिसलं ते खरं आहे, हे आपल्याला कळलंय असं तो आता बापाला सांगू शकला असता. सांगायला हवंच, असं त्याला एकदा वाटलंही.

"घर सोडायची गरज नाही," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा कडक ठेवायला त्याला फार जड गेलं. "पण असं तुम्हाला मोकळं सोडून चालणार नाही, बाबा. मी दर रविवारी येणार. जेवायलाच येणार. आणि उघडलेली बाटली माझ्यासमोर ठेवायची, मी बघणार किती जाते ती."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "माझा काही भरवसा नाही."